कार्डिगनशायरचे डेव्हिड जोन्स: इतक्यांतले आपले कोणते?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मी कशाचं उत्तर देते आहे ते स्पष्ट राहील. तुमचे जावई कार्डिफचे. नात सात वर्षांची झाली, तिच्यासाठी तुम्हाला दोन्हीकडची वंशावळ करायची आहे. आपली बाजू त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या चोपडीतून सात पिढ्या मागं गेली. जावयांच्या बाजूचं मात्र एवढंच ठाऊक: खापरपणजोबा डेव्हिड जोन्स दक्षिण वेल्समधल्या ऱ्होंदा खोऱ्यात कोळशाच्या खाणीत होते, मूळचे ‘कार्डिगनशायरकडचे कुठले तरी’ (हा पश्चिम वेल्समधला परगणा), घरात वेल्श बोलायचे, चॅपलला, म्हणजे सरकारी चर्चबाहेरच्या पंथांच्या प्रार्थनाघराला, जायचे. त्यांचा एक भाऊ फौजेत होता, तो ‘पूना’ला वारला म्हणतात. तुम्ही एका संकेतस्थळाची वर्गणी भरलीत, नाव टाकलंत, तर चाळीसेक डेव्हिड जोन्स निघाले. शिवाय कुणीतरी आयता जोडून ठेवलेला वृक्ष मिळाला, तो थेट तेराव्या शतकातल्या लेवेलिन राजापर्यंत जातो. तो खरा मानावा का, आणि चाळिसांतून आपला कसा ओळखावा?

मी स्वान्सीत सव्वीस वर्षं राहते. सासरच्या मंडळींपासून हे वेड लागलं, आता ओळखीपाळखीच्यांसाठीही शोधून देते. त्या अनुभवावरून सांगते.

तो वृक्ष आज बाजूला ठेवा. लेवेलिन खोटा नाही, आणि वेल्श वंशावळींची परंपराही खोटी नाही. बाराव्या शतकाच्या शेवटी गेराल्ड ऑफ वेल्स यानं लिहून ठेवलंय की इथला साधा माणूससुद्धा सहा-सात पिढ्यांचे पूर्वज घडाघडा म्हणून दाखवतो. त्याला कारण होतं. जुन्या वेल्श कायद्यात जमिनीचा वाटा भाऊबंदकीवर ठरायचा, तेव्हा आपलं कुळ पाठ असणं ही हौस नव्हती, पोटाचा प्रश्न होता. आपल्याकडे वतनाच्या तंट्यात करिना, म्हणजे घराण्याची हकीकत, मांडावा लागायचा, तसंच. कवींनी जपलेल्या सरदार घराण्यांच्या वंशावळी बऱ्याच भरवशाच्या आहेत. दगा मधल्या सांध्यात असतो. १८६०च्या आसपास जन्मलेल्या खाणकामगारापासून मागं १७००पर्यंत एकेक दुवा कागदावर जुळत नाही, तोवर वरचा राजा आपला नव्हे. तुम्ही पाठवलेल्या वृक्षात १७९०च्या सुमाराचा एक जॉन जोन्स आहे; त्याचा बापही जोन्स, आजाही जोन्स, पणजाही जोन्स. कार्डिगनशायरच्या साध्या शेतकरी घरात त्या काळी असं दिसलं की मी पेन्सिल खाली ठेवते.

का, ते नीट सांगते, कारण सगळी गाडी इथंच अडते. आणि हे मराठी माणसाला इंग्रजापेक्षा लवकर कळतं. आपलं मधलं नाव घ्या. गणपत तुकाराम, त्याचा मुलगा विठ्ठल गणपत, त्याचा नामदेव विठ्ठल. आता समजा पुढचं आडनाव नाहीच, दोन नावांवरच सगळा कारभार. वेल्समध्ये तेच होतं. दोन नावांच्या मध्ये ‘अप’ किंवा ‘अब’, म्हणजे ‘चा मुलगा’; मुलीसाठी ‘व्हेर्ख’. १५३६च्या कायद्यानं वेल्स इंग्लंडला जोडलं, कोर्टकचेरी इंग्रजीत गेली, आणि बड्या घरांनी हळूहळू इंग्रजांसारखी कायमची आडनावं घेतली. अप हॉवेलचं झालं पॉवेल, अप रीसचं प्राइस, अब ओवेनचं बोवेन, अप ह्यूचं प्यू, अब इव्हानचं बेव्हन. पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातल्या गरिबांना मात्र याची निकड नव्हती. तिथं बापाचं नाव लावायची रीत अठराव्या शतकात सर्रास होती, एकोणिसाव्याच्या सुरुवातीपर्यंत रेंगाळली. ज्या पिढीत ती थांबली, त्या पिढीतल्या बापाचं नाव पुढच्या सगळ्यांना कायमचं चिकटलं. जोन्स म्हणजे ‘जॉनचा’, इतकंच. डेव्हिस डेव्हिडचा, एव्हान्स इव्हानचा, विल्यम्स विल्यमचा. बारशाची नावं मूठभर, म्हणून आडनावंही मूठभर.

म्हणजे १७९०च्या जॉन जोन्सचा बाप जॉन असण्याची शक्यता मोठी, पण तो बाप जोन्स असेलच असं नाही. तो जॉन थॉमस असेल, जॉन इव्हान असेल. सख्ख्या भावांपैकी एकानं बापाचं नाव लावलं आणि दुसऱ्यानं आज्याचं, असंही सापडतं. बायकांची गोष्ट आणखी वेगळी. लग्नानंतरही माहेरचंच नाव चालू ठेवायची पद्धत बऱ्याच भागांत होती, त्यामुळे मृत्युपत्रात किंवा थडग्यावर नवऱ्याशेजारी वेगळ्याच आडनावाची बाई दिसली तर दचकू नका, ती बहुधा बायकोच. त्यात एकाच माणसाची नावं तरी किती: इव्हान, इफान, येवान आणि जॉन हे मुळात एकच, डेव्हिड, डावीद, दाय, देवी तेच, लौरी म्हणून बाप्तिस्मा झालेली मुलगी जनगणनेत लॉरा होते.

१८५०च्या दशकात खुद्द जन्ममृत्यू नोंदवणाऱ्या निबंधक खात्याच्या अहवालात म्हटलं होतं की वेल्समध्ये जॉन जोन्स असणं म्हणजे कायमचं अज्ञातवासात असणं. बाजारपेठेत हाक मारली तर ती नेमकी कुणाला, ते कळायचं नाही. पण गावातल्या लोकांचा कधी घोटाळा झाला नाही. कारण ते एकमेकांना जोन्स म्हणून ओळखतच नव्हते. शेतघराच्या नावानं ओळखायचे: ‘दाय पेनराल्त’, म्हणजे चढणीच्या माथ्यावरच्या घरातला दाय. खाणीच्या वस्त्यांत धंद्यावरून: दूधवाला जोन्स, मढी उचलणारा एव्हान्स. एकच दात उरलेल्या माणसाला ‘दाय सेंट्रल ईटिंग’ म्हणायचे (‘सेंट्रल हीटिंग’वरची कोटी), हा विनोद इथं प्रत्येक जण आपल्याच गल्लीतला म्हणून सांगतो.

म्हणून माझा सगळा आग्रह एकच: डेव्हिड जोन्सच्या नावामागं धावणं सोडा, त्याचं घर शोधा. हे मी पैसे घालवून शिकले आहे. माझे सासरे कारमार्थेनशायरकडचे एव्हान्स. त्यांच्या आजोबांच्या वडिलांचा शोध घेताना मला एकाच पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, दोन थॉमस एव्हान्स मिळाले. वयात वर्षाचं अंतर, दोघांचे बाप डेव्हिड, दोघंही १८६१ला दुसऱ्याच्या शेतावर गडी. मी आधी सापडला तो उचलला. दोन वर्षं त्याच्या मागं गेले, तीन दाखले विकत घेतले, चुलत भावंडांना वृक्ष छापून वाटला. मग एका नाताळात सासूबाईंनी कपाटातून काळ्या काठाचं एक जुनं कार्ड काढलं. अंत्यविधीनंतर आप्तांना वाटायची अशी कार्डं असत. त्यावर थॉमसच्या नावापुढे स्वल्पविराम आणि शेतघराचं नाव. ते घर माझ्या थॉमसचं नव्हतं, ओढ्यापलीकडच्या दुसऱ्या थॉमसचं होतं. वाटलेले वृक्ष परत मागायची लाज वाटली, ते अजून कुणाकुणाच्या भिंतीवर आहेत. तुमच्या हाती आलेला लेवेलिनपर्यंतचा वृक्षही असाच कुणाच्या तरी घाईतून आलेला असणार.

तेव्हा पहिलं काम संगणकावर नाही. जावयांच्या आत्या, मावश्या, जे कुणी सत्तरीपुढचे असतील त्यांना फोन लावायला सांगा. ‘वंशावळ सांगा’ म्हणू नका, कुणी सांगत नाही. कार्डं, बायबलच्या पहिल्या पानावरच्या जन्मतारखा, चॅपलच्या बक्षिसाची पुस्तकं, फोटोच्या पाठी काय लिहिलंय, असं नेमकं विचारा.

मग १९११ची जनगणना. मागं जाताना मी नेहमी हिच्यापासून सुरुवात करते, कारण आधीच्या जनगणनांत आपण पाहतो ती गणकानं केलेली नक्कल, आणि १९११चा कागद घरातल्या माणसानं स्वतःच्या हातानं भरलेला. वेल्समध्ये तो वेल्श भाषेतही भरता यायचा. त्यात उजवीकडे काही रकाने आहेत: लग्नाला किती वर्षं झाली, जिवंत जन्मलेली मुलं किती, हयात किती, वारली किती. सासऱ्यांच्या आजीच्या कागदावर लिहिलंय: बावीस वर्षं, अकरा, सात, चार. त्या चार मुलांचं नाव घरात कुणाच्या तोंडी कधी आलं नव्हतं. ती मला नंतर सापडली ती निबंधक खात्याच्या सूचीत, आणि तीच युक्ती तुमच्या कामाची आहे. इंग्लंड-वेल्समध्ये जन्ममृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७पासून सुरू झाली. जुन्या छापील सूचीत आईचं माहेरचं आडनाव १९११पासून दिसतं, पण खात्यानं अलीकडे स्वतः तयार केलेल्या ऑनलाइन सूचीत ते अगदी १८३७पासून घातलंय. ‘जोन्स’ शोधाल तर समुद्र. ‘जोन्स, आई मॉर्गन, पॉन्टिप्रिद जिल्हा, १८८८ ते १९१०’ शोधाल तर डबकं. ऱ्होंदाच्या नोंदी पॉन्टिप्रिद जिल्ह्यात येतात. एकच नाव दोनदा आलं तर चूक समजू नका, आधीचं मूल गेलं की पुढच्याला तेच नाव ठेवायचे. आईचंही माहेरचं नाव जोन्सच निघालं तर मात्र तुमचं नशीब. इथं ते होतं.

दुसरा रकाना जन्मस्थानाचा. त्यात ‘कार्डिगनशायर, लानविहांगेल’ एवढंच असलं तर हुरळू नका. लान म्हणजे चर्च आणि त्याचं आवार, मिहांगेल म्हणजे सेंट मायकल. मायकलच्या नावाची चर्चं त्या एका परगण्यात तीन-चार आहेत. गेनायरग्लिन, क्रॉयदिन, इस्त्राद अशी शेपूट लागल्याशिवाय गाव ठरत नाही. (लान हे मी मराठीत सोपं करून लिहिलंय. खरा उच्चार जिभेचं टोक दातांमागं ठेवून बाजूनं हवा सोडल्यासारखा आहे. सव्वीस वर्षांत मला तो जमलेला नाही.) म्हणून १८७१पासून १९२१पर्यंतच्या प्रत्येक जनगणनेतलं जन्मस्थान एका कागदावर एकाखाली एक लिहून काढा. दहा वर्षांनी गणक बदलतो, आणि एखादा नेमकं गाव लिहून जातो. १९२१ची जनगणना २०२२ साली खुली झाली. त्यापुढची १९३१ची आगीत जळाली, १९४१ची युद्धामुळे झालीच नाही. १८९१पासून वेल्समध्ये भाषेचा रकानाही आहे: वेल्श, इंग्लिश की दोन्ही. आईबाप फक्त वेल्श, थोरला दोन्ही, धाकटा फक्त इंग्लिश, असं एकाच घरात वाचायला मिळतं.

आणि त्याच पानावर एक गोष्ट लोक हटकून सोडून देतात: घरात राहणारे पोटभाडेकरू. ऱ्होंदात १८५१ साली हजाराच्या आत वस्ती होती, १९११ साली दीड लाखावर गेली. ही माणसं काही एकटी-दुकटी वाट चुकून आली नाहीत. गिरणगावात जशा एकेका गावाच्या खोल्या असत, रत्नागिरीकडचा पोरगा उतरला की सरळ आपल्या गाववाल्यांच्या खोलीवर जायचा, तसंच इथं. डेव्हिड जोन्सच्या घरात तीन भाडेकरू असतील आणि त्यांतल्या दोघांचं जन्मस्थान एकच पॅरिश असेल, तर डेव्हिडही तिथलाच असण्याची शक्यता भरपूर. भाडेकरूचं नाव कधी कधी जोन्सपेक्षा दुर्मीळ असतं, तेव्हा त्याचा माग काढणं सोपं जातं. शेजारची दोन-दोन घरंही वाचा. चाळिसांतून पाच-सहा माणसं उरतात ती अशी.

आता लग्नाचा दाखला. त्यावर दोन्ही बापांची नावं आणि धंदे असतात. डेव्हिडचा बाप समजा ‘शिसे खाणकामगार’ निघाला तर अर्धं काम झालं. अ‍ॅबरिस्टविथच्या पाठीमागचे डोंगर, म्हणजे कार्डिगनशायरचा उत्तर भाग, शिशाच्या खाणींचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तो धंदा बसला आणि तिथले लोक कुदळ-फावडं घेऊन दक्षिणेच्या कोळशाकडे गेले. बाप शेतकरी असेल तर परगणा अख्खा उघडा राहतो, पण हरकत नाही. बापाचं नाव आणि अंदाजे गाव हाती आलं की १८७१च्या जनगणनेत डेव्हिड लहान मूल म्हणून बापाच्या घरात सापडायला हवा. खेड्यातल्या जनगणनेत पहिल्या रकान्यात रस्ता नसतो, शेतघराचं नाव असतं. तेच आपल्याला हवं होतं.

घराचं नाव मिळालं की कौटुंबिक इतिहास आणि स्थानिक इतिहास वेगळे राहतच नाहीत. १८३६च्या कायद्यानं चर्चला द्यायचा दशमांश धान्याऐवजी पैशात ठरला, आणि त्यासाठी पुढच्या काही वर्षांत पॅरिशगणिक नकाशे झाले. सोबतच्या तक्त्यात मालक कोण, कसणारा कोण, तुकड्याचा नंबर, शेताचं नाव, नांगरट की कुरण, क्षेत्र किती. सातबारा वाचता येणाऱ्याला हा तक्ता शिकवावा लागत नाही. वेल्सचे हे सगळे नकाशे अ‍ॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं फुकट पाहायला ठेवलेत, आजच्या नकाशावर ठेवून पाहता येतात. शेतांची नावं वाचा: भट्टीचं शेत, विहिरीचं शेत, गिरणीचं शेत. ‘हाव्होद’ म्हणजे उन्हाळ्यात गुरं वर नेऊन राहायचं डोंगरावरचं खोपट, ‘हेंद्रे’ म्हणजे खालचं कायमचं घर. नकाशावर डेव्हिडच्या घराचं नाव हाव्होदनं सुरू होत असेल तर ते घर किती उंचावर, किती ओसाड असेल ते आपोआप कळतं. हिज्ज्यांचा घोळ मात्र असतो. एकच घर तीन कागदांत तीन तऱ्हांनी लिहिलेलं. त्यासाठी प्राचीन वास्तूंच्या शाही आयोगानं केलेली ऐतिहासिक स्थलनामांची यादी आहे, तिच्यात तीन लाखांवर नावं आहेत.

बहुतेक शेतकरी कुळंच होते, जमीन मोठ्या इस्टेटींची. कार्डिगनशायरमध्ये गोगर्दन, नॅन्टिऑस, क्रॉसवुड ही मोठी घराणी. त्यांची दप्तरं त्याच राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, आणि खंडाच्या वह्यांत कुळाचं नाव घरासकट येतं. एका घरात डेव्हिड थॉमसनंतर जॉन डेव्हिड, मग इव्हान जॉन, असं खंड भरणाऱ्याचं नाव बदलत गेलेलं दिसलं की बाप-मुलगा-नातू तिथंच ओळीनं उभे राहतात. आडनावांनी जे लपवलं ते घरानं सांगितलं.

चॅपलबद्दल दोन गैरसमज. लोक म्हणतात, पूर्वजांचं लग्न पॅरिश चर्चमध्ये झालं म्हणजे ते चर्चवाले. नाही. १७५४ ते १८३७ क्वेकर आणि ज्यू सोडले तर सगळ्यांना लग्न पॅरिश चर्चमध्येच करावं लागे. दुसरं, बाप्तिस्मा सापडत नाही म्हणून जन्मच झाला नाही असं कुणी समजत नाही, पण लोक वृक्षात तारीख ढकलून देतात. बॅप्टिस्ट मंडळी तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करतच नाहीत, मोठेपणी करतात. मेथडिस्ट आणि ‘इंडिपेंडंट’ (स्वतंत्र) पंथाची मंडळी मुलांचा करायची, आणि १८३७च्या आधीची त्यांची बरीच रजिस्टरं सरकारजमा झाली, ती आज ऑनलाइन आहेत. त्यापुढची कुठं असतील त्याचा नेम नाही: परगण्याच्या अभिलेखागारात, ग्रंथालयात, शेवटच्या चिटणिसाच्या माळ्यावर. तुमच्या जावयांचं चॅपल कोणत्या पंथाचं ते आधी विचारा. लँगेथोच्या आसपास मेथडिस्ट दाट, तर तेइवी नदीच्या खोऱ्यात एक पट्टा युनिटेरियनांचा, म्हणजे येशूला देव न मानणाऱ्यांचा. त्या पट्ट्याला बाकीचे पंथ चिडून ‘काळा ठिपका’ म्हणत.

गाव सोडून खाणीकडे जाणारा सभासद आपल्या चॅपलचं पत्र घेऊन जायचा, ते नव्या चॅपलला दाखवलं की तिथं नाव दाखल. ऱ्होंदातल्या चॅपलच्या सभासद-वहीत ‘अमुक चॅपलकडून पत्रानं’ अशी नोंद मिळाली तर मूळ गाव सापडलंच. शिवाय चॅपलचे छापील वार्षिक अहवाल असतात, त्यात कोणी किती वर्गणी दिली ते पै-पैशासह. आपल्या पूर्वजानं सहा पेन्स दिले आणि शेजाऱ्यानं दहा शिलिंग, हे सगळ्या गावाला छापून कळायचं.

थडगी वाचायला वेल्श यावं लागत नाही, पाच-सहा शब्द पुरतात. सुरुवातीला ‘एर कोव अम’, म्हणजे ‘स्मरणार्थ’. मग नाव आणि स्वल्पविरामानंतर घर. ‘आ वी वारू’ म्हणजे ‘जो वारला’. ‘म्लुइद ओइद’ म्हणजे वय. ‘हेविद’ म्हणजे ‘तसेच’, त्याच्याखाली ‘इ व्राइग’, त्याची बायको. रोमन लिपीत एक एफ दिसला की व वाचा, दोन एफ म्हणजे फ. डब्ल्यू हा स्वर आहे, ऊ. स्लेटचा दगड असेल तर अक्षरं दीडशे वर्षांनीही धारदार असतात, वाळूच्या दगडाची पापुद्र्यांनी निघून जातात. तारेचा ब्रश लावू नका, खडू घासू नका. दुपार कलली की बाजूनं आरशानं ऊन पाडा, अक्षरं वर येतात. बऱ्याच दफनभूमींची यादी त्या त्या परगण्याच्या कुलेतिहास मंडळांनी आधीच करून ठेवलेली आहे, ती आधी पाहा.

वर्तमानपत्रं हा तर खजिनाच. राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर १९१९पर्यंतची अकरा लाखांवर पानं फुकट शोधता येतात. खाणीतली मोठी दुर्घटना सगळ्यांना माहीत असते; १४ ऑक्टोबर १९१३ला सेंगेनिदला ४३९ खाणकामगार गेले, त्यांची यादी कुठंही मिळेल. पण बहुतेक खाणकामगार एकेकटे, दोघंदोघं मेले. छतातला दगड पडून, घसरणाऱ्या डब्याखाली. ती बातमी चार ओळींची, स्थानिक पत्रात, आणि तिच्यात घरचा पत्ता असतो. आबरदारचं ‘तारियान ई ग्वेइथिउर’, म्हणजे ‘कामगाराची ढाल’, हे साप्ताहिक वेल्शमध्ये निघायचं. गावाकडच्या म्हाताऱ्या आईच्या मृत्यूची बातमीही त्यात यायची. वेल्शमध्ये शोधताना मात्र एक फसगत सांभाळा. आपण शब्दाची शेपटी बदलतो, पुणे-पुण्याला, ठाणे-ठाण्यात. हे लोक तोंड बदलतात. ट्रेगारॉन हे गाव ‘ट्रेगारॉनला’ म्हणताना ड्रेगारॉन होतं, ‘ट्रेगारॉनमध्ये’ म्हणताना न्ह्रेगारॉन, ‘आणि ट्रेगारॉन’ म्हणताना थ्रेगारॉन. चारही रूपं टाकून शोधा, नाहीतर तीन चतुर्थांश बातम्या दिसणारच नाहीत.

माझा सगळ्यात लाडका कागद मात्र वेगळाच आहे, आणि तो मराठी माणसाला दाखवला की हसू फुटतं. कार्डिगनशायर-कारमार्थेनशायरमध्ये लग्नाआधी छापील पत्र वाटायचे, त्याला बिडिंग म्हणत. त्यात वधूवरांची नावं, घरं, लग्नाचा दिवस आणि आहेराचं आमंत्रण. इथवर ठीक. पुढे स्पष्ट लिहिलेलं असे की वराच्या आईबापांनी आजवर ज्यांच्या ज्यांच्या लग्नात आहेर केले, त्यांनी ते त्या दिवशी परत आणून द्यावेत. कधी काका-मावशीही आपापली वसुली त्या जोडप्याच्या नावे करून देत. आहेराची वही आपण कपाटात ठेवतो, यांनी ती छापून वाटली. आपल्याला फायदा असा की एका पानावर दोन्हीकडचे आईबाप, नातलग आणि त्यांची घरं मिळतात. ग्रंथालयात अशा पत्रांचा संग्रह आहे.

बाकीचं भरभर. १८५८पूर्वीची वेल्समधली मृत्युपत्रं, एक लाख नव्वद हजारांवर, याच ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट, गाईगुरांच्या याद्यांसकट. १७५२पर्यंत वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, तेव्हा जानेवारीतला बाप्तिस्मा लग्नाआधीचा वाटला तर पुन्हा मोजा. परगण्यांच्या हद्दी १९७४ला आणि पुन्हा १९९६ला बदलल्या, जुना कागद ‘डिव्हेड’ म्हणत असेल तर त्यात कार्डिगनशायर आलं. जुने मोठे नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर आहेत, वेल्सचेसुद्धा.

आता पुण्याला वारलेला भाऊ. हा शोध तुम्ही चिंचवडला बसून माझ्यापेक्षा चांगला करू शकाल. मुंबई इलाख्यातल्या युरोपियनांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या नकला दरवर्षी लंडनला जायच्या. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत आणि वर्गणीच्या एका संकेतस्थळावर पाहता येतात. दफनाच्या नोंदीत पलटण असते, ती महत्त्वाची. ‘पूना’ असं घरात सांगितलं म्हणजे पुणंच असं नाही, खडकी असेल, देवळाली असेल. १९०१नंतर वारला असेल तर सैनिकांच्या शिल्लक पगाराच्या वह्या पाहा, पैसे कुणाला दिले तिथं आईचं किंवा भावाचं नाव येतं, आणि मग हा जोन्स आपल्याच घरातला की नाही ते ठरतं. पहिल्या महायुद्धात गेला असेल तर खडकीच्या युद्ध-दफनभूमीत जाऊन या. भारतात आणि आजच्या पाकिस्तानात इतरत्र पुरलेल्या, पण ज्यांची थडगी राखता येत नाहीत, अशा अठराशेहून जास्त जणांची नावं तिथल्या स्मारकावर आहेत. त्यात जोन्स किती असतील त्याची कल्पना तुम्हाला आता आली असेलच, म्हणून पलटणीचं नाव घेतल्याशिवाय जाऊ नका.

जावई नाताळात येणार आहेत म्हणालात. त्याआधी १९११चा तो कागद उतरवून घ्या, आणि डेव्हिड जोन्सचं राहू द्या, त्याच्या घरातल्या भाडेकरूंची नावं आणि जन्मगावं आधी मला कळवा.